फुकट ते पौष्टिक? : मुक्त चित्रसामग्री आणि शैलीचा प्रश्न

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या विद्यार्थ्यांनी एक छोटा व्हिडिओ गेम सादर केला. मराठी विभागातील तीन आणि संगणक विभागातील दोन अशा पाच जणांचे हे काम. खेळाची कल्पना साधी होती. पुण्यात वाढलेला एक मुलगा सुट्टीत वऱ्हाडातल्या मावशीकडे जातो. मावशी त्याला आठवडी बाजारात पाठवते आणि 'सांबार' आणायला सांगते. तो इडलीबरोबरच्या सांबाराच्या शोधात बाजारभर हिंडतो. बऱ्याच फजितीनंतर त्याला उमगते की मावशीला कोथिंबीर हवी होती. पुढे 'गंज' येतो, तो लोखंडावरचा नसून स्वयंपाकघरातले पातेले असतो. 'वावर' येते, ते शेत असते. एकेक शब्द कळत जाईल तसतसा बाजाराचा एकेक नवा कोपरा उघडत जातो. बोलींच्या अभ्यासपत्रिकेत आम्ही जे तासन्‌तास सांगतो, ते या खेळात दहा मिनिटांत कळत होते.

चित्रे मात्र मुलांनी इंटरनेटवरील मुक्त भांडारांतून गोळा केली होती. भाजीच्या पालावर मध्ययुगीन युरोपातील जत्रेतले पट्ट्यापट्ट्यांचे छत होते. मावशीचे घर धुराड्याचे, एखाद्या जपानी वळणाच्या खेळातून उचललेले. बैल जाड काळ्या रेघेत काढलेला, तर त्याच्या शेजारचे झाड रेघेशिवाय, तैलचित्रासारखे रंगवलेले. बैलाची सावली डावीकडे पडत होती, झाडाची उजवीकडे. आणि मावशी म्हणजे मुळात एक राजकन्या होती. तिचा पायघोळ झगा हिरवा रंगवून मुलांनी त्याला लुगडे म्हणून सोडून दिले होते.

परीक्षकांनी या खेळाला पारितोषिक दिले. समारोपाच्या भाषणात एक परीक्षक म्हणाले, की चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत हे खरे, पण तो तांत्रिक तपशील झाला. आशय उत्तम आहे. आणि फुकटात याहून वेगळे काय मिळणार? सभागृहात टाळ्या झाल्या. मुले खूश झाली. प्रस्तुत लेखक मात्र अस्वस्थ होऊन परतला. हा लेख त्या अस्वस्थतेतून आणि त्या उदार वाक्याविरुद्ध लिहिलेला आहे. त्या वाक्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. शैलीची एकसंधता हा आशयाबाहेरचा तपशील आहे, ही पहिली. फुकटच्या सामग्रीतून एकसंध शैली मिळणे शक्यच नाही, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्ही चुका साहित्याच्या माणसांनी कराव्यात हे अधिक खेदाचे आहे.

१. तपशील की व्याकरण?

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने कथा लिहून आणली. तिचा पहिला परिच्छेद विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या वळणाचा, दुसरा ना. सी. फडक्यांच्या आणि तिसरा भाऊ पाध्यांच्या. या उड्यांमागे विडंबनाचा वा प्रयोगाचा काही हेतू नाही. हाताला लागेल ते उतरवले आहे, इतकेच. अशा कथेबद्दल आपण 'शैली जुळत नाही, पण आशय उत्तम' असे म्हणू काय? मुळीच नाही. ही कथा अजून लिहिलीच गेलेली नाही, असे आपण म्हणू. निवेदकाचा आवाज सापडल्यावाचून आशय सापडला असे होत नाही, हे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आपणच शिकवतो. मग चित्रांच्या बाबतीत आपण एवढे उदार का होतो? उत्तर अप्रिय आहे. चित्र म्हणजे सजावट आणि खेळ म्हणजे पोरखेळ, ही आपली जुनी समजूत अजून गेलेली नाही. आपल्या औदार्याच्या तळाशी तुच्छताच आहे.

खेळाच्या बाबतीत तर शैलीचे काम कथेपेक्षाही थेट आहे. वाचकाला कथेत फक्त पुढे जायचे असते. खेळणाऱ्याला दर क्षणी ठरवायचे असते, की समोरच्या दृश्यातले काय हलवता येईल, काय उचलता येईल, कुठे जाता येईल आणि काय नुसतेच पार्श्वभूमीला आहे. हे तो चित्रातील भेदांवरून ओळखतो. जुन्या हाताने काढलेल्या कार्टूनपटांत डोंगरावरचा कोणता दगड आता घरंगळणार हे आधीच कळत असे, कारण तो दगड रंगवलेल्या पार्श्वभूमीहून वेगळ्या, सपाट रंगात काढलेला असायचा. भेद दिसला की अर्थ निर्माण होतो. सोस्यूर वाचलेल्यांना हे सांगायला नको. पण भेदाला अर्थ यायचा, तर आधी उरलेल्या सगळ्यात साम्य हवे. आमच्या मुलांच्या बाजारात प्रत्येक वस्तू दुसरीहून वेगळ्या हाताची असल्यामुळे प्रत्येक वस्तू 'मला हात लावून पाहा' असे सांगत होती. खेळणारे जाड रेघेच्या त्या बैलापाशी थबकत आणि त्याच्यावर टिचक्या मारत बसत. बैलाला खेळात काहीच काम नव्हते. त्याची रेघ जाड होती, हा त्याचा एकमेव अपराध.

आपल्याकडचे एक जुने उदाहरण याच जातीचे आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हीही खेळासाठी केलेली चित्रकलाच. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० गोल पाने. ही पाने चितारी हाताने रंगवीत आले. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवे, परशुरामाच्या पानावर परशू. रंगाची जमीन अवताराप्रमाणे वेगळी. पण माशाची रेघ आणि परशूची रेघ एकाच वळणाची, कारण हातातली पाने क्षणात वाचता आली पाहिजेत. आणि पाठ? सगळ्या पानांची पाठ तंतोतंत सारखीच लागते. एका पानाच्या पाठीवर वेगळा हात दिसला, तर ते पान ओळखू येते आणि डाव नासतो. तिथे शैलीतील विसंगतीला कोणी तांत्रिक तपशील म्हणणार नाही. तिला लबाडी म्हणतील. खेळातल्या चित्राचे हे मूळ तत्त्व आहे. पडद्यावर आल्याने ते बदलत नाही.

२. फुकट आणि मुक्त

आता दुसरी समजूत. इंग्रजीत ज्याला 'फ्री' या एकाच शब्दाने काम भागवावे लागते, त्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे दाम न मोजता मिळालेले. मुक्त म्हणजे बदलण्याची, वाढवण्याची, पुढे देण्याची मोकळीक असलेले. हा भेद आपल्या भाषेत आयता असताना आपण त्याचा उपयोग करत नाही आणि 'फुकट ते पौष्टिक' म्हणून ताट वाढून घेतो. या विषयातील निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

२००९ साली सुरू झालेले ओपनगेमआर्ट हे या क्षेत्रातील मोठे भांडार. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचे काही परवाने चालतात. सीसी झिरोमध्ये चित्रकार कोणतीही अट ठेवत नाही. सीसी बाय या परवान्यात श्रेय द्यावे लागते. सीसी बाय-एसएमध्ये श्रेय तर द्यायचेच, शिवाय चित्रात बदल करून ते प्रसिद्ध केले तर नवे चित्रही त्याच अटींवर खुले करायचे. 'व्यापारी वापर नको' किंवा 'बदल नको' अशा अटींची सामग्री हे भांडार स्वीकारत नाही. यातील दुसरी अट आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीची आहे. जे चित्र बदलता येत नाही, ते दुसऱ्या चित्राशी जुळवून घेता येत नाही. बदल न करता येणारे फुकट चित्र आणि बंद काचेच्या कपाटातले पुस्तक यांत फरक नाही. शैलीच्या एकसंधतेसाठी दाम नसण्यापेक्षा मुभा असणे अधिक महत्त्वाचे आहे. तेव्हा आपण मुक्त सामग्रीविषयी बोलत आहोत. फुकट असणे हा तिचा अनुषंग.

पण मुक्त सामग्रीपुढेही अडचणी आहेतच, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. भांडारांत शोध घेतला जातो तो वस्तूच्या नावाने: झाड, घर, तलवार, योद्धा. 'या झाडाच्या शैलीतले घर' असे विचारण्याची सोय सहसा नसते. ग्रंथालयात सगळी पुस्तके केवळ विषयवार लावली आणि लेखकाचे नाव कुठेच नोंदवले नाही, तर जे होईल तेच इथे होते. त्यात ही सामग्री निर्माण करणाऱ्यांची आवड युरोपीय मध्ययुगाकडे आणि अद्भुतरम्यतेकडे झुकलेली. किल्ले, तळघरे, ढाल-तलवारी, ड्रॅगन हवे तितके. बैलगाडी, रहाट, तुळशीवृंदावन शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. मग नवशिक्याचा हात दिसेल त्याकडे जातो आणि आमच्या मुलांचे झाले तसे होते.

न जुळणे म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट करायला हवे, कारण 'जुळत नाही' ही तक्रार आपण बहुधा मोघमच करतो. पाच गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पिक्सेलचे मान: १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकटीत काढलेली आकृती दुप्पट ताणून ३२ बाय ३२ च्या आकृतीशेजारी उभी केली, की एकाच पडद्यावर दोन जाडीचे ठिपके दिसतात. दुसरी, दृष्टिकोन: एक घर वरून पाहिलेले, दुसरे समोरून. तिसरी, बाह्यरेषा: काळी, गडद रंगाची की मुळीच नाही. चौथी, प्रकाशाची दिशा. पाचवी, रंगपट: एकूण रंग किती आणि कोणते. या पाचांतून एकही गोष्ट गूढ नाही. प्रत्येक मोजता येते, लिहून ठेवता येते, शिकवता येते. शैली म्हणजे प्रतिभावंताच्या श्वासातून उतरणारे काहीतरी, असे मानणाऱ्या आपल्या समीक्षेला हे रुक्ष वाटेल. पण वृत्तही मोजताच येते, आणि म्हणून त्यातील कविता रुक्ष होत नाही.

वृत्ताची ही तुलना अलंकारासाठी केलेली नाही. १९८९ साली आलेल्या गेम बॉयच्या पडद्यावर १६० बाय १४४ पिक्सेल आणि चारच छटा होत्या. त्या यंत्रावरचे खेळ वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी केले, तरी त्यांच्यात एक कौटुंबिक साम्य दिसते. ते साम्य यंत्राने लादले होते. पुढे यंत्रे बलाढ्य झाली, लक्षावधी रंग हाताशी आले, आणि वृत्त सुटल्यावर कवींची जी पंचाईत होते ती खेळकर्त्यांची झाली. आज काही जण ते बंधन स्वखुशीने परत घेतात. पिको-८ नावाच्या काल्पनिक यंत्रावर खेळ रचताना १२८ बाय १२८ पिक्सेलचा पडदा आणि ठरलेले १६ रंग एवढ्यावरच भागवायचे असते. मुक्तच्छंदाच्या काळात कोणी हौसेने ओवी लिहावी, तसेच हे. परिणाम असा, की तिथे अगदी नवख्याचे चित्रही विसंगत दिसत नाही.

३. एकसंधता येते कुठून?

मुक्त सामग्रीच्या गेल्या दोन दशकांच्या इतिहासात एकसंध शैली मिळाल्याची उदाहरणे आहेत, आणि ती पुरेशी बोलकी आहेत.

एक मार्ग एका हाताचा. डॅनियल कुक या खेळरचनाकाराने २००७ साली 'प्लॅनेटक्यूट' नावाचा छोटा चित्रसंच खुला केला. एकमेकांवर रचता येतील असे ठोकळे, काही पात्रे, काही वस्तू. संच लहान, पण सगळ्या वस्तू एकाच मापाच्या, एकाच कोनातून पाहिलेल्या. खेळरचना शिकणाऱ्या कितीतरी जणांचे पहिले खेळ या ठोकळ्यांवर उभे राहिले. नेदरलँड्समधील 'केनी' या नावाने प्रसिद्ध झालेले चित्रसंच हा याच मार्गाचा विस्तार: हजारोंनी चित्रे, सगळी सीसी झिरोखाली, आणि एका संचातले काहीही त्याच संचातल्या कशाशेजारीही ठेवा, खटकत नाही. 'फुकटात याहून वेगळे काय मिळणार' या प्रश्नाला एवढे उत्तरही पुरेसे आहे.

दुसरा मार्ग बंद पडलेल्या घराचा वारसा घेण्याचा. 'ग्लिच' हा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाला. तो करणाऱ्या टायनी स्पेक कंपनीने (हीच पुढे 'स्लॅक' म्हणून नावारूपाला आली) नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याची दहा हजारांहून अधिक चित्रे आणि इतर सामग्री जवळजवळ सगळी सीसी झिरोखाली खुली केली. एका चित्रकारसंघाने काही वर्षे खपून घडवलेले अख्खे विश्व लोकांच्या स्वाधीन झाले. दान मोठेच. पण या वारशाला एक मर्यादा आहे: ती चित्रे कुठेही वापरली, तरी जाणत्याला आधी ग्लिचच आठवतो.

तिसरा मार्ग संपादकाचा. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा २००३ पासून चाललेला मुक्त खेळ अनेक हौशी हातांनी घडवलेला आहे. आरंभीच्या आवृत्त्यांतली पात्रांची व्यक्तिचित्रे निरनिराळ्या हातांची आणि निरनिराळ्या वकुबाची होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने नव्याने काढली गेली. फुकट मिळालेले काम, तेही प्रेमाने दिलेले, बाजूला ठेवायला धैर्य लागते. नियतकालिक चालवलेल्या कोणालाही हे धैर्य किती महाग पडते ते ठाऊक आहे. साभार परत करण्याची तयारी नसेल, तर नियतकालिकाला व्यक्तिमत्त्व येत नाही, आणि खेळालाही येत नाही.

चौथा मार्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो. २०१२ साली क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ओपनगेमआर्ट यांनी मिळून 'लिबरेटेड पिक्सेल कप' नावाची स्पर्धा घेतली. मुक्त चित्रे पुष्कळ आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत, हीच तक्रार तिच्या मुळाशी होती. आयोजकांनी 'चित्रे पाठवा' एवढेच आवाहन करून भागवले नाही. त्यांनी आधी शैलीची मार्गदर्शिका तयार केली: ३२ बाय ३२ पिक्सेलची चौकट, ठरलेला दृष्टिकोन, प्रकाशाची दिशा, बाह्यरेषेची रीत, रंग कसे निवडावेत याचे संकेत. त्याबरोबर नमुन्यादाखल मूळ संच चित्रकारांकडून करवून घेतला. मग लोकांना सांगितले, की आता या शैलीत काढा. आधी चित्रे आणि नंतर त्यांवरून खेळ, असे दोन टप्पे झाले. सामग्री सीसी बाय-एसए आणि जीपीएल अशा दोन्ही परवान्यांखाली खुली राहिली. स्पर्धा संपली, पण लोक त्या शैलीत काढतच राहिले. पोशाख, केस, शस्त्रे, अवजारे यांची भर पडत गेली. वेगवेगळे थर निवडून पात्र तयार करून देणारे साधनही त्यातून उभे राहिले. ते साधन वापरलेल्या प्रत्येक थराच्या चित्रकारांची नावेही काढून देते.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट परकी वाटू नये. अभंग हा असाच खुला साचा होता. शिंपी, कुंभार, सोनार, महार, वाणी, ब्राह्मण अशा सर्व हातांनी शतकानुशतके तो वापरला. कोणी कोणाची परवानगी मागितली नाही, आणि शेवटच्या चरणातल्या नाममुद्रेमुळे श्रेयही हरवले नाही. मार्गदर्शिका छापलेली नव्हती. कानांवर कोरलेली होती. जात्यावरच्या ओवीत तर नाममुद्राही नाही, तरी कोणत्या गावची बाई आपली ओळ जोडते आहे याची फिकीर न करता ओवी पुढे जाते. एकसंध शैली आणि अनेक हात यांत विरोध आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी आपलीच परंपरा विसरायची ठरवलेले दिसते.

४. 'मग सगळे सारखेच दिसेल'

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. एकाच संचातून सगळ्यांनी उचलले, एकाच मार्गदर्शिकेप्रमाणे सगळ्यांनी काढले, तर सगळे खेळ सारखेच दिसणार नाहीत का? आक्षेपात तथ्य आहे. केनीच्या संचांवर केलेले खेळ जाणत्या डोळ्याला लांबून ओळखू येतात. उसन्या चेहऱ्याने वावरण्यापेक्षा स्वतःचा विद्रूप चेहरा बरा, असे कोणी म्हटले तर त्याला एकदम खोडून काढता येणार नाही.

पण आक्षेप घेणारे एकसंधता आणि एकसारखेपणा यांची गल्लत करत आहेत. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. सौंदर्यवस्तूची संघटना निव्वळ संवादावर उभी राहत नाही. त्यात विरोध लागतो. मात्र तो विरोध संघटनेच्या आतला असावा लागतो. जाड रेघेचा बैल आणि बिनरेघेचे झाड यांच्यात मर्ढेकरांच्या अर्थाने विरोधही नाही, कारण त्यांच्यात काही नातेच नाही. ती दोन चित्रे फक्त शेजारी आहेत. सबंध बाजार मातकट रंगात ठेवून एकट्या कोथिंबिरीच्या जुडीला हिरवा रंग दिला असता, तर तो विरोध झाला असता, आणि खेळाचा सगळा विनोद त्या एका हिरव्यात आला असता. असा हिरवा कोणत्याही संचात आयता मिळत नाही. तो ज्याचा त्याने ठरवायचा असतो. सामाईक शैली त्या ठरवण्याला जागा करून देते. ती हिरावून घेत नाही.

५. दोन आडवाटा

'ही सगळी यातायात आता कशाला? यंत्राला सांगा, ते हव्या त्या शैलीत हवी तितकी चित्रे काढून देईल', असे सांगणारे सहकारी भेटतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन खुले झाल्यापासून हा सल्ला सर्रास दिला जातो. ज्यांच्या चित्रांवर ही यंत्रे पोसली गेली, त्यांच्यापैकी काही चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत खटला गुदरला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने मानवी कर्तृत्वाविना तयार झालेल्या आशयाची नोंदणी करता येणार नाही, अशी भूमिका मांडली. कायद्याचा प्रश्न कायदेपंडितांनी पाहावा. माझा आक्षेप शिक्षकाचा आहे. यंत्र साम्य देते, नियम देत नाही. त्याने काढलेल्या मावशीवरून पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला मावशीचा नवरा कसा काढायचा हे शिकता येत नाही. त्याला पुन्हा यंत्राकडेच जावे लागते. लिबरेटेड पिक्सेल कपची मार्गदर्शिका वाचून विद्यार्थी चित्र काढायला लागतो. यंत्रापुढे तो फक्त मागायला शिकतो.

दुसरी आडवाट 'आपल्या मातीची'. खेळाला मराठी रूप द्यायचे ना? मग वारली आकृत्यांचा एखादा फुकट संच उतरवून घ्या. शैली एकसंध आणि वर देशी! असे संच विपुल आहेत. पण तो संच चढवणाऱ्याने परवाना दिला आहे तो स्वतःच्या फाइलीचा. शैली त्याची नव्हती. सुवासिनींनी लग्नघराच्या भिंतीवर काढलेल्या चौकात पालघट देवी बसते. त्या चौकाला प्रसंग आहे, विधी आहे, काढणारीला मान आहे. त्यातली त्रिकोणी माणसे तेवढी कापून वऱ्हाडच्या बाजारात नाचवणे कायद्याने कदाचित चालेलही. पण फुकट म्हणून उचलायचे आणि देशी म्हणून मिरवायचे, याला शैलीचा शोध म्हणत नाहीत. शिवाय वारली पाडा आणि वऱ्हाडी बाजार यांच्यात मराठी राज्यापलीकडे संबंध काय?

६. लुगड्याची छत्तीस चित्रे

पारितोषिक मिळाल्यानंतर मुलांना मी हे सगळे सांगितले, तेव्हा ती हिरमुसली. एका मुलीने मात्र विचारले, "सर, मग आम्ही करायचं काय?" प्रश्न रास्त होता. नुसता दोष दाखवून शिक्षकाची सुटका होत नाही.

त्यांनी जमवलेल्यांपैकी बहुतेक चित्रे टाकून दिली. लिबरेटेड पिक्सेल कपची मूळ आकृती घेतली आणि तिच्यावर मावशीचे लुगडे काढायला बसली. या संचात चालणारी आकृती चार दिशांना, प्रत्येक दिशेला नऊ चित्रांत काढतात. म्हणजे एका लुगड्याची छत्तीस चित्रे, प्रत्येक ६४ बाय ६४ पिक्सेलच्या चौकटीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आले, की डावीकडे चालणारी आकृती आरशासारखी उलटवून उजवीकडची करता येत नाही, कारण पदर एकाच खांद्यावर असतो. झग्याला हा प्रश्न पडत नाही. मग कासोटा पाठीमागून कसा दिसतो, चालताना निऱ्या कशा हलतात, हे पाहण्यासाठी मुलगी आपल्या आजीला अंगणात चालायला लावून वहीत टिपणे करू लागली. राजकन्येच्या झग्याला हिरवा रंग फासायला पाच मिनिटे लागली होती. या लुगड्याला सहा आठवडे लागले. ते मुलांनी सीसी बाय-एसएखाली, मूळ चित्रकारांच्या नावांसह खुले केले आहे. आता कोणालाही ते घेता येईल, जांभळे करता येईल, त्यावर बुट्टे काढता येतील. आणि ज्याने ते केले त्यालाही तसेच पुढे द्यावे लागेल.

मराठी विभागांना आणि कला महाविद्यालयांना माझे सांगणे एवढेच आहे. बोलींचे कोश आपण केले, लोकगीतांची संकलने केली. आता एक लहानशी मार्गदर्शिका करू या. चौकट किती, रंग किती आणि कोणते, प्रकाश कुठून. आणि नमुन्यादाखल एक विहीर, एक बैलगाडी, एक ओसरी, बाजारातले एक पाल. चार पानांत मावेल. ते आधी ठरवू, मग चित्रे मागू. संकलन आधी आणि संपादन सवडीने, ही आपली जुनी खोड आहे. अनेक विद्यापीठांतील न उघडलेली बासने तिची साक्ष देतील.

त्या परीक्षकांना मी एवढेच म्हणेन, की आपण मुलांचे कौतुक केलेत, त्याऐवजी त्यांना रागावला असतात तर अधिक सन्मान झाला असता. त्यांचा बाजार अजून पुरा झालेला नाही. बैल बिनकामाचा म्हणून काढून टाकला आहे, धुराड्याचे घर गेले आहे आणि माळवदाचे घर निम्मे काढून झाले आहे. पण मावशी आता बाजाराच्या वाटेने चालते, तेव्हा तिचा पदर योग्य खांद्यावर असतो.